पाणघोडीचा आशीर्वाद

सिनेमा जितका रखडतो तितके किस्से वाढतात, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. आमचा सिनेमा तर इतका रखडला की किस्से आंबलेल्या इडलीच्या पिठासारखे वर येऊन झाकण ढकलायला लागले! कुणी भेटलं की मी एक सांगायची. समोरचा म्हणायचा, "मेघा, खोटं बोलू नकोस." मग तो खोटा नाही हे पटवायला मला दुसरा सांगावा लागायचा, आणि तो पहिल्यापेक्षा खोटा वाटायचा. म्हणून आता एकदाच ओळीनं सांगून टाकते. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

मी मूळची कराडची. ॲनिमेशनचे सीन तपासायला म्हणून दोन महिन्यांसाठी तंजावूरला आले आणि चार पोंगल इथंच खाल्ले. स्टुडिओ राजवाड्यामागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. खाली गिऱ्हाइकानं पातेलं वाजवून बघितलं की वर आमचं रेकॉर्डिंग वाया. डायरेक्टर सेल्वम माझा कॉलेजातला मित्र. प्रोड्यूसर मुरुगेसन सर, ओरत्तनाडूकडचे राइस मिलवाले. शिवाय त्यांचं एक लग्नाचं कार्यालय आहे. स्टुडिओतल्या खुर्च्या, गाद्या आणि चहाचे पेले सगळे त्या कार्यालयातले. कामाला बसलं की आपण कुणाच्या तरी लग्नाला आलोय असंच वाटायचं.

बोलणं सगळं तमिळमध्ये चालायचं. मी इथं मराठीत सांगते. जिथं माणसं मुळातच मराठीत बोलली, तिथं तसं सांगेन.

* * *

सेल्वमच्या मूळ गोष्टीत सर्कशीतून पळालेला वाघ होता. आता वाघ म्हटला की पट्टे आले! एका सेकंदाला बारा चित्रं, आणि प्रत्येक चित्रात प्रत्येक पट्टा जागच्या जागी हवा. पहिल्या मिनिटातच आमच्या मुलांनी हात टेकले. मुरुगेसन सरांनी मीटिंग बोलावली.

"बिनपट्ट्यांचा वाघ नसतो का?"

"असतो सर," सेल्वम म्हणाला, "त्याला सिंह म्हणतात."

"मग सिंह घ्या!"

"सिंहाला आयाळ असते सर. एकेक केस हलवावा लागतो."

सर बराच वेळ छताकडे बघत बसले. मग म्हणाले, "अंगावर केस नाहीत, पट्टे नाहीत, फारसं हलत पण नाही, असं सर्कशीत कोण असतं?"

"मॅनेजर," सेल्वम म्हणाला.

शेवटी पाणघोडी ठरली. पाणघोडी अर्धा सिनेमा पाण्यात! वर दोन कान, दोन डोळे आणि दोन नाकपुड्या काढल्या की झालं. तर गोष्ट अशी: पद्मिनी नावाची म्हातारी पाणघोडी सर्कशीतून पळते, कावेरीच्या कालव्यातून पोहत एका गावच्या कमळाच्या तळ्यात येऊन राहते. तिला पकडायला एकेक जण येतो. आधी रिंगमास्टर, मग विमा कंपनीचा माणूस, मग पुढारी. एकेक जण येतो आणि एकेक जण नाहीसा होतो. गाववाले तळ्यावर हार-फुलं घेऊन यायला लागतात. मोठ्या माणसांसाठीची काळी कॉमेडी, म्हणजे हसता हसता आपण कशाला हसतोय ते कळलं की गप्प बसायचं, अशी.

* * *

पद्मिनीला चालवायचं कसं हा प्रश्न सेल्वमनं तंजावूरच्या पद्धतीनं सोडवला. इथल्या दुकानात ती मान डोलावणारी मातीची बाहुली मिळते ना, अंग वेगळं, डोकं वेगळं, नुसतं बोट लावलं की डुलत राहते. सेल्वमनं ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "अंग जागच्या जागी ठेवा. फक्त डोकं हलवा. काम अर्ध्यावर येईल."

पहिला सीन तयार झाला. सरांनी तो बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रिंगमास्टर हिला चाबूक दाखवतोय, आणि ही सगळ्याला हो-हो का म्हणते?"

"सर, ती 'हो' म्हणत नाही. नुसतं डोकं हलवते."

"मग 'नाही' म्हणताना काय करेल?"

"तेव्हा पण हेच करेल. तमिळनाडूत वाढलीय सर!"

* * *

एक किस्सा आमच्या घरचा. आई फोनवर म्हणाली, "शेजारच्या काकू विचारत होत्या, मेघा तिकडं नक्की काय करते?" मी सांगितलं, अडल्ट फिल्म करतेय. पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग मी घाईघाईनं खुलासा केला, "अगं, तसलं नाही! पाणघोडीची आहे!"

आई हळूच म्हणाली, "राहू दे बाई. तू बँकेत आहेस असंच सांगते."

* * *

पहिली पंधरा मिनिटं तयार झाली तेव्हा मुरुगेसन सरांनी ती आपल्या कार्यालयात पडद्यावर लावली आणि मिलमधल्या सगळ्यांना जेवणासह आमंत्रण दिलं. पहिल्या रांगेत मधोमध सरांची आई. ऐंशीच्या पुढच्या, नाकात दोन्हीकडं हिऱ्याच्या चमक्या, आणि सर त्यांच्यासमोर अजून खुर्चीवर बसत नाहीत.

पडद्यावर पद्मिनी तळ्यातून वर आली आणि रिंगमास्टरला गिळलं. सगळे आईंकडं बघायला लागले. सेल्वमचा चेहरा पांढरा पडला, कारण आता आई काय म्हणतात त्यावर सिनेमाचं भवितव्य होतं.

आईंनी डोळ्यांना पदर लावला. "पावम!" म्हणाल्या. पावम म्हणजे बिचारी. "नुसतंच खाल्लं गं! सोबत भात नको का?"

दुसऱ्या दिवशी सरांनी सीन वाढवून मागितला. त्यात रिंगमास्टरला गिळल्यावर पद्मिनी शेजारच्या शेतात जाऊन भाताचं पीक चरते. बांधावर एक तांदळाचं पोतं दिसतं. पोत्यावर कुठल्या मिलचं नाव आहे ते सांगायला नकोच.

* * *

आता मुख्य गोष्टीकडे येते. सिनेमा दाखवायला मुंबईची एक कंपनी तयार झाली. अट एकच होती, तमिळबरोबर मराठीतही पाहिजे. सेल्वम म्हणाला, मराठी आवाज मुंबईतून आणावे लागतील. सर भडकले.

"मराठी? ती तर इथंच मिळते! आपल्याच गल्लीत! दारात असताना मुंबईहून कशाला मागवायची?"

म्हणणं खरं होतं. भोसल्यांच्या राज्यात इकडं आलेल्या घरांमधून अजून मराठी बोलतात. बोलतात, पण वाचत नाहीत. अक्षर तमिळ, हेल तमिळ, आणि मध्येच एखादा असा जुना शब्द येतो की आपल्याकडं तो फक्त पोथीत उरलाय. मी त्या घरांमधून फिरले आणि तिसऱ्या दारात मला कमलाक्का भेटल्या. गणिताच्या रिटायर्ड टीचर. वर्गावर ओरडून ओरडून आवाज असा खरखरीत आणि खोल झालेला की त्या नुसत्या "कोण?" म्हणाल्या आणि मला पद्मिनी सापडली.

त्यांचे यजमान रघुनाथराव दारातच मुरुक्कू खात उभे होते. मुरुक्कू म्हणजे आपली चकलीच, पण ह्यांचे जास्त कडक. ते आनंदले. अक्का मात्र ऐकूनच घेईनात.

"मीं मराठी बोलणार नाहीं," त्या म्हणाल्या. "घरांत बोलतें. बाहेर नाहीं."

का, ते त्यांनी दुसऱ्या कॉफीनंतर सांगितलं. मुलगी पुण्यात दिलेली. लग्नात विहीणबाईंशी ह्या आपल्या मराठीत दोन वाक्यं बोलल्या. विहीणबाई हसल्या. हसून थांबल्या नाहीत, आतल्या बायकांना हाक मारून बोलावलं, "अगं या गं, ह्यांचं मराठी ऐका!" आणि अक्कांना म्हणाल्या, परत एकदा बोला ना.

"तेव्हांपासून मीं त्यांच्याशीं इंग्लिशच बोलतें. नात सहा वर्षांची आहे. ती मैत्रिणींना सांगते, माझ्या अज्जीला मराठी येत नाहीं."

एवढं बोलून अक्का पेल्यात बघत बसल्या. मला विहीणबाईंचा असा राग आला की कॉफी गोड लागेना. मी म्हटलं, "अक्का, हा सिनेमा पुण्यात पण दिसणार आहे."

त्यांनी मान वर केली. "माझा आवाज? असाच? कोणी दुरुस्त न करतां?"

"असाच."

"मग करतें. ऐकूं दे त्यांना दोन तास. आतां हसून दाखवा म्हणावं!"

* * *

रघुनाथरावांनी सगळे संवाद तमिळ अक्षरांत उतरवून घेतले आणि पहिल्याच पानावर गाडी अडकली. सेल्वमची पद्मिनी कुणालाही गिळण्याआधी एक शिवी द्यायची. तमिळमधली ती शिवी मी इथं लिहू शकत नाही, आणि स्क्रिप्टमध्ये पण कुणी लिहिली नव्हती, सेल्वमनं ती तोंडीच सांगितली होती. मराठीत काय घ्यायचं ते मी अक्कांना विचारलं.

"आमच्या मराठींत शिव्या नाहींत," अक्का म्हणाल्या.

"असं कसं? भांडताना काय म्हणता?"

"भांडतांना तमिळ बोलतों."

रघुनाथरावांनी हळूच पुस्ती जोडली, "ती बाहेरच्यांशीं. घरांत ही आशीर्वाद देते."

मला आधी कळेना. मग अक्कांनीच वर्गात समजावतात तसं समजावलं. घरात वाईट बोलायचं नाही, कारण वास्तु ऐकत असते आणि आपण जे बोलू त्याला तथास्तु म्हणते. रागाच्या भरात तोंडातून भलतंसलतं गेलं आणि तिनं नेमकं तेवढंच ऐकलं तर? म्हणून त्यांच्या सासरी पिढ्यान् पिढ्या पद्धत पडलेली: राग आला की आशीर्वाद द्यायचा. राग जेवढा मोठा तेवढा आशीर्वाद मोठा!

तसं आपल्याकडंही बांगडी फुटत नाही, वाढते. तांदूळ संपत नाहीत, तेही वाढतात. पण ह्या घरानं तो प्रकार पार टोकाला नेला होता.

"एकदां लॉरीवाल्यानं रिव्हर्स घेतांना आमचं गेट पाडलं," रघुनाथराव रंगात येऊन सांगायला लागले. "ही बाहेर आली. त्याला म्हणाली, शंभर वर्षं जग, राजा! पोटभर जेव! सुखानं नीज! तो बिचारा पायां पडून गेला. मीं मात्र आंत पळालों."

सेल्वमला मी हे तमिळमध्ये सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याला खुर्चीतून उडताना पाहिलं. "शिवी कट! पद्मिनी आशीर्वाद देणार! आधी आशीर्वाद, मग घास!"

अक्का माइकसमोर बसल्या. पडद्यावर रिंगमास्टर तळ्याच्या काठाला आला. अक्कांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू गेट त्यानंच पाडलंय, आणि खालच्या पट्टीत, अगदी मायेनं म्हणाल्या, "शंभर वर्षं जग, राजा. पोटभर जेव. सुखानं नीज."

माझ्या अंगावर काटा आला. खाली दुकानात पण कुणी पातेलं वाजवलं नाही.

* * *

पंचाईत पुढं झाली. ही पद्धत स्टुडिओत सगळ्यांना कळल्यामुळे अक्कांच्या आशीर्वादाची दहशत बसली. त्या कुणाला "सुखी रहा" म्हणाल्या की तो दिवसभर आपलं काय चुकलं ते आठवत बसायचा.

रेकॉर्डिंगच्या खोलीला आवाज अडवायला कार्यालयातल्या गाद्या लावलेल्या, पंखा बंद, एसी बिघडलेला, आणि दिवस अग्निनक्षत्राचे, म्हणजे इथल्या भर मे महिन्यातल्या काहिलीचे. अक्का घामानं निथळायच्या. मुरुगेसन सरांना सांगून सांगून आम्ही थकलो. "बघतो, बघतो," एवढंच उत्तर. एक दिवस ते स्वतः आले आणि अक्कांना अदबीनं विचारलं, "सगळं ठीक आहे ना अम्मा?"

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि सरांना समजावं म्हणून तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमची मिल वाढू दे. तुमच्या घरात कधी काही कमी पडू नये."

सरांचं तोंड उतरलं. बाहेर येऊन त्यांनी रघुनाथरावांना गाठलं. "राव सर, हा खरा होता की तो दुसरा? कसं ओळखायचं?"

"मला विचारतां?" रघुनाथराव म्हणाले. "लग्न झाल्यापासून मीं हिला हेंच विचारतों आहें. ती सांगत नाहीं."

त्या संध्याकाळी नवा एसी बसला. सोबत एक जास्तीचा टेबलफॅन, आणि अक्कांसाठी मिलमधून पोन्नी तांदळाचं पोतं!

* * *

रघुनाथराव रोज अक्कांना सोडायला यायचे आणि बाकावर बसून डब्यातले मुरुक्कू खायचे. एक दिवस साउंडवाल्या मुलीनं हेडफोन काढला आणि ओरडली, "हाडं मोडल्याचा आवाज कुठून येतोय? मला हाच पाहिजे!"

आणि अशा रीतीनं रघुनाथराव सिनेमात आले. पद्मिनी जे काही चावते ते सगळं रघुनाथरावांनी चावलंय. रिंगमास्टर म्हणजे मुरुक्कू. विमा कंपनीचा माणूस म्हणजे ऊस, कारण तो लांबट होता आणि शेवटपर्यंत सुटत नव्हता. पुढाऱ्यासाठी काय घ्यावं यावर अर्धा दिवस चर्चा झाली.

"पिकलेलं केळं," रघुनाथरावांनी निकाल दिला. "त्याला कणा कोठें असतो?"

ह्यात सगळ्यांत जास्त पंचाईत अक्कांची झाली. आयुष्यभर त्या त्यांना सांगत आल्या, चावतांना आवाज करूं नका, लोक काय म्हणतील. आता लोक म्हणत होते, "राव सर, थोडं अजून जोरात!" रघुनाथराव माइकसमोर ताठ बसून बायकोकडं बघत बघत चावायचे.

* * *

काम संपत आलं तेव्हा अक्कांनी विचारलं, "पुण्यांत नातीला कधीं दाखवतां येईल?"

मी आणि सेल्वम एकमेकांकडं बघायला लागलो. हे आधी सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. शेवटी मी सांगितलं की सिनेमा अठरा वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे. आशीर्वाद चालतील, पण त्यानंतर माणूस गिळला जातो ना.

अक्का गणिताच्या बाई, बोटांवर मोजलं सुद्धा नाही. "म्हणजे बारा वर्षं," म्हणाल्या. "मीं तेव्हां शहाऐंशीची."

मला एकदम रडूच आलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अक्का, मुलगी बघेल. विहीणबाई बघतील."

"त्या बघोत. त्यांना मीं भिववायला बोलतें आहें. पण पोरीनं ऐकायला हवं कीं अज्जीला येतं." मग पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "राहतें जिवंत. त्यांत काय! पुढचा सीन लावा."

* * *

आणि मग मुंबईच्या कंपनीतून निखिल आला.

मुलगा चांगल्या घरचा. बूट बाहेर काढून आत आला, सगळ्यांना नमस्कार केला, भांड्यांच्या दुकानातून आईसाठी पितळी दिवा पण घेऊन आलेला. त्या दिवशी रघुनाथरावांचा रिंगमास्टर परत चावायचा होता, म्हणून ते मुरुक्कूचा डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेले. अक्का माइकजवळच्या खुर्चीत. निखिलनं सिनेमाभर फिरून तुकडे बघितले, पद्मिनीचे आशीर्वाद ऐकले, हेडफोन काढला आणि हसला. वाईट नाही हसला. लहान मुलाचं बोबडं बोलणं ऐकून आपण हसतो तसा.

"फारच गोड आहे! म्हणजे, आजींचा आवाज मस्तच. पण हे मराठी... लोक हसतील हो. पाणघोडीची भीती वाटली पाहिजे. आम्ही मुंबईत एक आवाज बघून ठेवलाय. नीट मराठी. एका आठवड्यात सगळं परत रेकॉर्ड होईल."

मी अक्कांकडं बघितलं. त्या जमिनीकडं बघत होत्या. पुण्यातल्या लग्नमंडपात त्या कशा बसल्या असतील ते मला तेव्हा समजलं. मी तोंड उघडलं तर सेल्वमनं माझा हात दाबला. कंपनी गेली तर सिनेमाच गेला, हे मलाही माहीत होतं. तरी मी म्हटलं, "निखिल, आम्ही त्यांना शब्द दिलाय."

"मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण निर्णय झालाय. आज फक्त कळवायला आलो."

मुरुगेसन सरांना शब्द कळले नाहीत, पण अक्कांचा चेहरा दिसत होता. ते उठले आणि पाहुण्यावरचा एसी बंद केला.

निखिल निघाला. दारापर्यंत गेला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, परत आला. म्हटलं ना, चांगल्या घरचा. अक्कांसमोर वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावला. "आजी, राग मानू नका. आशीर्वाद द्या."

स्टुडिओतल्या सगळ्यांनी श्वास रोखला. साउंडवाली मुलगी टेबलाखाली जायचीच बाकी होती.

अक्कांनी उजवा हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. हात ठेवला आणि काढलाच नाही. मग त्याच खालच्या पट्टीत, त्याच मायेनं, एकेक शब्द सावकाश:

"शंभर वर्षं जग, राजा. पोटभर जेव. सुखानं नीज."

आणि कोपऱ्यात रघुनाथरावांनी मुरुक्कू चावला. कर्रर्र!

निखिल वाकलेला होता तिथंच मटकन खाली बसला. सरांनी लग्नातल्या पेल्यातून पाणी दिलं, ते त्यानं दोन्ही हातांनी धरून प्यायलं. मग अक्कांच्या डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाला, "ह्याच... ह्याच बोलतील. काही बदलू नका. एक शब्द पण नको." आणि पितळी दिवा विसरून खाली पळाला. त्याच्यामागं दिवा घेऊन मुरुगेसन सर पळाले.

वर आम्ही नाचायचंच बाकी होतं. सेल्वम रडत होता आणि हसत होता. अक्का मात्र खुर्चीतून उठल्या नव्हत्या. "म्हणजे पुण्यांत ऐकूं येणार," एवढंच म्हणाल्या. "आतां बारा वर्षं."

रघुनाथरावांनी डबा बाकावर ठेवला. नेसलेल्या वेष्टीला हात पुसले. सावकाश चालत आले आणि आम्हा सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदाच असावं, बायकोच्या डोक्यावर हात ठेवला.

"शंभर वर्षं जग, कमळे."

अक्कांनी झटकन मान वर केली. डोळे पाण्यानं भरलेले, पण नजर तीच, गणिताच्या बाईंची.

"अहो, हा कोणता? खरा, कीं तो दुसरा?"

रघुनाथराव परत बाकावर जाऊन बसले. डबा उघडला, चांगला अख्खा बघून एक मुरुक्कू निवडला, आणि बायकोकडं बघत बघत चावला.

कर्रर्र!